बाबा, ती स्ट्रिप शोधू नका

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बीपीच्या डब्यातली जुनी स्ट्रिप निघताना मीच पर्समध्ये घालून आणली. न विचारता आणली, चुकलंच. पण विचारलं असतं तर "आठ गोळ्या उरल्यात, पैसे मोजलेत" म्हणत तुम्ही ती परत डब्यात टाकली असतीत. नवीन गोळी डॉक्टरांनीच दिलीय, माझ्या मनची नाही.

आई, तुझं डोकं फिरलं नव्हतं. मूत्रपिंडं दिवसाला साधारण 180 लिटर पाणी गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत घेतात. किती पाणी राखायचं, ते मेंदूतून येणारं व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन ठरवतं. जुन्या गोळीतलं थायाझाइड मीठ लघवीवाटे काढतं, पण जादा पाणी काढून टाकायची मूत्रपिंडांची ताकद कमी करतं. त्यात तुझी गुडघ्याची गोळी त्या हार्मोनचा जोर वाढवते. मग पाणी साचून रक्तातलं मीठ, म्हणजे सोडियम, पातळ होतं. ते 135 च्या वर हवं, तुझं 118 झालं. म्हणून तर तू मला विचारलंस, "शाळा लवकर सुटली का गं?"

त्या क्षणी खरंच सुटली असती तर बरं, असं वाटलं. जुलाब झाले की मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजायचीस, आठवतं?

बाबा, अळणी भाजी आणि तासातासाला तांब्या, हे तुम्ही तिच्या काळजीनेच केलंत. गोळी नसती तर तेवढ्याने इतकं बिघडलं नसतं. आणि "सलाईन किती हळू!" म्हणून नर्सवर चिडलात ना? सोडियम भरभर वाढवलं तर मेंदूला इजा होते, म्हणून दिवसाला 8-10 च्या वर चढू देत नाहीत.

आता ऐका. भाजीत नेहमीएवढं मीठ. पाणी डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच, तांब्या मोजून. गुडघ्याला शेक, दुकानातून परस्पर गोळी नाही. रात्री झोपायला येणाऱ्या मावशींना गादी द्या, सतरंजी नको. मी तिथे राहायला हवं होतं, कळतं मला. रजा संपली होती.

सोमवारी रक्त घ्यायला मुलगा येईल. आई, त्याला पोहे खाल्ल्याशिवाय सोडायचीच नाहीस, ते माहीत आहे. पण रिपोर्टचा फोटो आधी मला.

मळमळ, झोपाळूपणा, बोलण्यात गोंधळ, काहीही दिसलं की तिला थेट दवाखान्यात न्या. मला फोन वाटेतून करा, रात्री 2 वाजले असले तरी.

तुमची,
बेबी