शेऱ्यातला स्वल्पविराम

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(हे पत्र बॉटने वाचून उत्तर देऊ नये.)

विषय: आमच्या आंबा ग्राहकांना तुमच्या यंत्रणेतून व्हॉट्सॲपवर गेलेले निरोप, गायब झालेलं जुनं बोलणं आणि कालचा फोन.

महोदय,

कालचा फोन २७ मिनिटं चालला, त्यातली १९ मिनिटं बासरी वाजत होती. आज सकाळी 'तुमचं तिकीट यशस्वीरीत्या सोडवण्यात आलं आहे' असा निरोप आला. काहीही सुटलेलं नाही. म्हणून आता कागदावर, स्पीड पोस्टाने.

ग्राहकांची यादी तुमच्या यंत्रणेत भरायची, ती तुमची इम्पोर्टची पायरी तुम्हाला माहीत आहेच. तुमच्याच नमुना फाइलप्रमाणे तीन रकाने भरले: मोबाइल, शेरा, नाव. शेऱ्यात स्वल्पविराम आला तर एक्सेल तो मजकूर दुहेरी अवतरणात ठेवून सीएसव्ही, म्हणजे रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी फाइल, बनवतं. हा नियम जुना आहे आणि कुठलंही धड सॉफ्टवेअर तो पाळतं. तुमचं पाळत नाही. ते अवतरण न बघता दिसेल त्या स्वल्पविरामावर ओळ तोडतं. मग शेऱ्याचा उत्तरार्ध तिसऱ्या रकान्यात जातो, नाव चौथ्यात ढकललं जातं आणि निरोपात नावाच्या जागी शेरा छापला जातो.

पार्ल्याच्या एका काकूंच्या ओळीत शेरा होता: "फोन काकूंनाच करणे, काका गेले". अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर त्यांना तुमच्याकडून निरोप गेला तो असा:

नमस्कार काका गेले"! यंदाचा अस्सल देवगड हापूस तयार आहे. आजच बुक करा आणि आनंद द्विगुणित करा!

ते शेवटचं एकटं अवतरणचिन्ह बघा. नुसतं त्यावरून तुमच्या माणसाला दोन मिनिटांत चूक सापडायला हवी होती. मी तीन वेळा स्क्रीनशॉट पाठवला. तीनही वेळा 'कृपया इंटरनेट जोडणी तपासा' एवढंच उत्तर.

आणखी एकाला 'नमस्कार उधारी बाकी"' असा निरोप गेला. एकाला 'नमस्कार सुनेला कळू देऊ नये"'. (या शेऱ्यामागे फक्त एक जादा पेटी होती, पण आता कोणाला काय सांगणार?) ज्यांच्याबद्दल एकच गोष्ट लिहिलेली होती, ते सगळे वाचले. ज्यांच्याबद्दल दोन गोष्टी ठाऊक होत्या, म्हणजे जे खरे ओळखीचे, नेमकी त्यांचीच नावं गेली.

मोबाइलच्या रकान्याचंही तेच. नमुना फाइलमध्ये तो 'जनरल' ठेवलाय, 'टेक्स्ट' नाही. ९१ धरून बारा आकडे टाकले की एक्सेल ते ९.१९ई+११ असं दाखवतं, आणि सीएसव्ही करताना जे दिसतं तेच साठवतं. मागचे आकडे गेले ते गेलेच. 'अवैध क्रमांक' म्हणून तुम्ही आमच्या माथी मारलेल्या ओळींतले बरेच क्रमांक तुमच्याच फाइलने खाल्लेत. एका रकान्याचा प्रकार बदलायला किती इंजिनिअर लागतात?

आता जुन्या बोलण्याबद्दल. आधी आम्ही व्हॉट्सॲपचं साधं बिझनेस ॲप वापरत होतो. त्यात एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं मावतात, आणि ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये ठेवलाय त्यांनाच निरोप पोचतो. तुमचा विक्री प्रतिनिधी याला 'मर्यादा' म्हणाला. आमच्या धंद्यात ती चाळणी होती. ज्याने नंबर जपलाय त्याला आंबा हवा आहे, बाकीच्यांना त्रास कशाला द्यायचा? तो नंबर तुमच्या यंत्रणेवर घेताना तुमच्या माणसाने फोनमधलं ॲपचं खातं डिलीट करायला लावलं. 'चॅट आपोआप येतील सर,' म्हणाला. आले नाहीत. कोणाला आढीतला तयार आंबा लागतो, कोण कच्चा मागवून स्वतः पेंढ्यात घालतं, कोणाला लहान फळ चालतं पण डझन जास्त हवेत, कोणाची पेटी ट्रॅव्हल्समधून पहाटे कुठल्या नाक्यावर उतरते, हे सगळं त्या बोलण्यात होतं. बॅकअप घ्या, एवढे दोन शब्द तुमच्या माणसाला बोलता आले नाहीत.

२०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी देवगडच्या छापाच्या पेटीत परराज्यातला आंबा भरला जातोच. गिऱ्हाईक थेट बागायतदाराला धरतं ते याच धास्तीने. त्याला खात्री वाटते ती पलीकडच्या ओळखीच्या आवाजाने, आणि तिथे तुम्ही बॉट बसवलात. त्याच्या दोन उत्तरांच्या नकला सोबत जोडल्या आहेत. एका नव्या गिऱ्हाइकाने विचारलं, 'आंबा कार्बाइडने पिकवता का?' बॉटला 'आंबा' हा शब्द सापडला. उत्तर: 'हो! उपलब्ध आहे. किती डझन हवे?' कार्बाइडने फळ पिकवायला देशात बंदी आहे. हे उत्तर आमच्या नावाने, आमच्या नंबरवरून गेलंय.

दुसऱ्याने कापलेल्या फळाचा फोटो पाठवला. वरून केशरी, देखणं फळ आणि आत बाठ्याजवळ पांढरट, भुसभुशीत गर. म्हणजे साका. साका बाहेरून ओळखता येत नाही, फळ कापल्यावरच कळतो. झाडावरच पक्व होत आलेल्या फळाला उष्णता लागली की तो धरतो, म्हणून साधारण ८५ टक्के तयार झालेलं फळ उतरवायचं, फार थांबायचं नाही. तरी एखादं निघतं. अशा वेळी तासाभरात फोन करायचा: साकाच आहे, किती फळं निघाली ती मोजून सांगा, पुढच्या पेटीत भरून देतो. एवढ्यावर माणूस दहा वर्षं टिकतो. तुमच्या बॉटने लिहिलं: 'किती सुंदर फोटो! आम्हाला पाच तारे द्याल का?'

पेटी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी सगळ्यांना सरसकट 'आंबे गोड लागले का?' असं विचारायची तुमची पद्धतही तशीच. तयार पेटीतले आंबे तोवर संपलेले असतात. कच्च्या पेटीला एप्रिलात आठ-दहा दिवस लागतात, मेच्या उकाड्यात त्याहून कमी. तिसऱ्या दिवशी विचारलं की माणसाला वाटतं, आत्तापर्यंत पिकायला हवे होते. मग तो आंबे फ्रिजमध्ये टाकतो, किंवा घाईने कापतो आणि आंबट म्हणून नावं ठेवतो. कच्चा आंबा थंडीत घातला की धड पिकत नाही. त्या दिवशी सांगायचं असतं एवढंच: पेटी उघडा, फळं एका थरात पसरा, हवा लागू दे, वास सुटेपर्यंत थांबा. पेटी कच्ची की तयार, हे टॅगमध्ये भरलेलं होतं. तुमची यंत्रणा ते वाचतच नाही.

गिऱ्हाइकाच्या शेवटच्या निरोपापासून २४ तास उलटले की आपल्याला मोकळं उत्तर देता येत नाही, फक्त आधी मंजूर केलेला साचा पाठवता येतो, हा नियम व्हॉट्सॲपचा, तुमचा नाही, मान्य. पण पहाटेपासून आम्ही झेला (फळं उतरवायची जाळीची काठी) घेऊन झाडावर, दुपारी वर्गवारी, आणि खाली बागेत रेंज नाही, वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चढावं तेव्हा दोन काड्या येतात. 'या माणसाचे चार तास उरलेत' एवढी घंटा वाजवणं हेच यंत्राचं काम होतं. तुम्ही ते सोडून यंत्राला आमच्या वतीने बोलायला लावलंत. घंटा मागितली तर म्हणे ती पुढच्या प्लॅनमध्ये.

आता कालचा फोन. मराठीसाठी २ दाबलं, हिंदी आली. डॅशबोर्डात शिरा म्हणाले. शिरायला ओटीपी लागतो, ओटीपी व्हॉट्सॲपवर येतो आणि ते व्हॉट्सॲप आता डॅशबोर्डाच्या आत आहे. हे तिघांना समजावलं. चौथी व्यक्ती मराठी बोलणारी निघाली, तेव्हा बरं वाटलं. ते बरं वाटणं पुढे दोन मिनिटं टिकलं.

'सर, "काका गेले" हे तुमच्या कॉन्टॅक्टचं नाव आहे ना?'

नाही, म्हटलं. काका गेले म्हणजे काका वारले. तो शेरा आहे, नाव नव्हे.

टायपिंगचा आवाज. 'ओके सर. मग हा कॉन्टॅक्ट इनॲक्टिव्ह करून देऊ का?'

नंबर काकूंचा आहे, काकू आहेत, आणि हा निरोप त्यांनी वाचलाय.

'समजलं सर. पण वारलेल्या व्यक्ती यादीत ठेवल्या की क्वालिटी रेटिंग खाली येतं. तुमचं ऑलरेडी पिवळ्यावर आहे.'

पिवळ्यावर, म्हणजे व्हॉट्सॲपच्या मधल्या दर्जावर, का आलं? असे निरोप वाचून लोकांनी ब्लॉक केलं म्हणून! यावर पुन्हा टायपिंग, आणि मग, मी शब्दशः लिहितो, कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग आहे: 'सर, ग्राहकांशी एवढं पर्सनल ठेवायचं असेल तर आमचा रिलेशनशिप प्लॅन घ्या ना, महिना ९९९. नाहीतर मग एकेकाला फोनच करा.'

एकेकाला फोनच करत होतो हो. ते सोडून तुम्हाला वर्षाचे १२,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, असे १४,१६० रुपये मोजले. आमच्याकडे याला 'हातचं सोडून पळत्याच्या पाठी' म्हणतात. आणि हे ऐकवून झाल्यावर लगेच: 'या कॉलला १ ते ५ पैकी गुण द्या.' शून्य दाबलं तर 'अवैध पर्याय'.

मागण्या अशा. सगळे स्वयंचलित निरोप आजच्या आज बंद करा. भरलेली मूळ फाइल, शेऱ्यांच्या रकान्यासकट, जशीच्या तशी परत द्या. नंबर तुमच्या यंत्रणेतून मोकळा करा, म्हणजे तो पुन्हा साध्या ॲपवर घेता येईल. उरलेल्या सात महिन्यांचे ८,२६० रुपये परत करा. आणि काकूंना तुमच्या कंपनीतल्या जबाबदार माणसाने, स्वतःचं नाव सांगून, फोन करून माफी मागावी. आमच्या बाजूने माफी मागून झाली आहे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत हे झालं नाही तर सिंधुदुर्गच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, आणि २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो तिथेच दाद मागता येते. म्हणजे ओरोसला, आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, तुम्ही यायचं. 'व्यापारी वापर आहे, तुम्ही ग्राहक नाही' हे उत्तर तयार ठेवलं असेल तर स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्यासाठी त्याच कायद्यात दिलेलं स्पष्टीकरणही वाचून ठेवा.

फोन करायचा तर सकाळी ११ नंतर. माणसाने करावा. पहिलं वाक्य 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं असेल तर तिथेच कट करीन.

एक आंबा बागायतदार,
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग

सोबत: स्क्रीनशॉट ११, मूळ सीएसव्ही फाइलची छापील प्रत, पावती.

ता. क. तुमच्या संकेतस्थळावरची नमुना फाइल आत्ता पुन्हा उतरवून पाहिली. मोबाइलचा रकाना अजून 'जनरल'च आहे.