कपाट आलं

पुणे, रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोन दोनदा येऊन गेला आणि मी उचलला नाही, त्याबद्दल आधी माफी. उजव्या हाताची मूठ आज पाचव्या दिवशी कुठे नीट वळायला लागली आहे, म्हणून पहिलं पत्र तुलाच. फोनवर मी निम्मं विसरतो, आणि हे तुला सगळं कळायला हवं. नारायण पेठेतला आपला वाडा मंगळवारी रिकामा करून दिला. माजघरातलं कपाट मी एकट्याने बाहेर काढलं.

कुठलं कपाट ते सांगायला नको. लपाछपीत तू आत शिरलास, बाहेरून कडी पडली आणि आईने तुला घामाने निथळत बाहेर काढलं, तेच. साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद, अस्सल सागवानी. धरायला कुठे काही नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा त्रास. चारी बाजूंनी गुळगुळीत, आणि वर ती पुढे आलेली कंगोऱ्यांची पट्टी. ती धरून उचलावं तर तीच हातात यायची.

सोमवारी सामान हलवायला तीन माणसं आली होती. पलंग, ट्रंका, फ्रिज, भांडी सगळं दुपारपर्यंत गेलं. कपाटापाशी मात्र तिघेही थांबले. "काका, हे राहू द्या. नाहीतर करवत लावू, दोन तुकडे करून नेऊ." मी नाही म्हटलं. ते उरलेलं सामान घेऊन निघून गेले. मी फार चिडलो होतो, पण त्यांना तरी काय दोष द्यायचा? त्यांना ते लाकूड दिसलं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता किल्ल्या द्यायच्या होत्या. माडीवरची बिऱ्हाडं महिन्यापूर्वीच गेलेली. मुलगा हैदराबादला, ही नव्या घरी आईपाशी. आईला आता शहाऐंशी पूर्ण झाली. संध्याकाळी तिचा फोन आला. घर कसं आहे, ऊन येतं का, यातलं काही बोलली नाही. "कपाट आलं का रे?" एवढंच.

तुमचं बिऱ्हाड वाड्यात आलं ते पुरानंतर बऱ्याच वर्षांनी, त्यामुळे तुला हे कदाचित ठाऊक नसेल. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासलाही गेलं, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. आई नव्याने संसाराला लागलेली. सगळे माडीवर जाऊन बसले होते. कपाट तांब्या-पितळेच्या भांड्यांनी गच्च भरलेलं होतं, म्हणून जागचं हललं नाही. पाणी ओसरल्यावर माजघरात घोट्यावर गाळ. आईने तो घमेल्याने उपसला, आणि बाबांनी कपाटाच्या आतल्या बाजूला, जिथवर लाकूड काळवंडलं होतं तिथे, पेन्सिलीने आडवी रेघ मारून लिहिलं: "पाणी इथवर, १२-७-६१." ते अक्षर अजून आहे. बाबांच्या हातचं एवढं जुनं अक्षर घरात दुसरं नाही. करवत चालली असती तर बरोबर त्या रेघेवरून गेली असती.

म्हणून रात्री नऊला दिवा लावला आणि सुरुवात केली.

आधी दारं उतरवली. पितळी बिजागऱ्यांच्या स्क्रूंच्या खाचा रंगाने बुजलेल्या. खिळ्याच्या टोकाने एकेक खाच कोरून काढली, मशीनचं तेल सोडलं, अर्धा तास थांबलो. बारा स्क्रूंपैकी अकरा आले, बारावा तुटला. फळ्यांपैकी वरच्या दोन आणि खालची सहज निघाल्या. मधली मात्र हलेना. शेवटी आत बसून, टॉवेलाची घडी लावून, खालून हातोडीने ठोकून ठोकून सुटी केली. दारं आणि फळ्या निघाल्यावर कपाट निम्म्याने हलकं झालं. तरीही ते उचलणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. पण उचलायचं नव्हतंच, चालवायचं होतं. एक बाजू खांद्याने बोटभर वर घ्यायची, समोरच्या पायावर भार टाकून वीतभर फिरवायचं, टेकवायचं, मग दुसरी बाजू. लहान मूल पहिली पावलं टाकतं तसं.

पहिल्यांदा कलवलं तेव्हा खालून काहीतरी सांडल्याचा आवाज आला. वाळवी लागली की काय म्हणून पोटात गोळा आला. वाकून बघितलं तर राखाडी, पिठासारखी बारीक माती. तळाच्या फळीच्या खाचेत चौसष्ट वर्षं अडकून बसलेला मुठेचा गाळ. मी तिथेच फरशीवर बसलो. चिमटीत धरून चोळला तर वाळूचा एक कण लागला नाही. आईने तेव्हा किती घमेली उपसली असतील, हा विचार माझ्या मनात आजवर कधी आला नव्हता.

माजघराचा उंबरा ओलांडायला कपाटाच्याच दोन फळ्या उतरत्या लावल्या, खाली जुनी गोधडी घातली आणि रात्री साडेबाराला ओसरीवर आलो. तिथेच झोपलो. खरं म्हणजे पडलो.

ओसरीच्या तीन पायऱ्या उतरायच्या होत्या चौकात, आणि मला धास्ती होती ती त्यांचीच. पहाटे पाचला उठून कपाट गोधडीवर आडवं केलं, पायऱ्यांवर दोन लांब फळ्या टाकल्या, आणि विहिरीचा जुना काथ्याचा दोर कपाटाला बांधून ओसरीच्या खांबाला गुंडाळला. इथे एक गोष्ट शिकलो. खांबाला एक वेढा दिला तर दोर हातातून सरसर निघतो. दोन वेढे दिले तर एवढं धूड एका हाताने धरून ठेवता येतं, आणि ढील द्याल तेवढंच ते सरकतं. सगळा भार खांब घेतो. आपले आजोबा-पणजोबा याच खांबाला बांधून कायकाय उतरवत असतील! दोन पायऱ्या सुरेख उतरलो. तिसरीला घाई केली, एक वेढा सोडला, आणि दोर सुटला. मी तो सोडला नाही, म्हणून हात सोलले. कपाट तुळशीवृंदावनापासून वितीभर अंतरावर थांबलं. काही वेळ पाय थरथरत होते. त्या वेळी तू हवा होतास, हे मनापासून सांगतो.

चौकात मग त्रास नव्हता. नळाच्या जुन्या लाइनीतले तीन लोखंडी पाइप खाली घातले, मागचा सुटला की पुढे आणून टाकायचा. फक्त शहाबादीच्या सांध्यात पाइप अडकायचा, तिथे पहारीने जरा उचल द्यावी लागायची. दिंडी दरवाजातून कपाट जाणं शक्यच नव्हतं. मोठ्या दरवाजाचं डावं दार मुंजीनंतर कधी उघडलेलं मला तरी आठवत नाही. खालच्या खुंट्यात खोबरेल तेल ओतलं, पहार घालून दार किंचित वर घेतलं, आणि ते असं काही कुरकुरलं की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. त्याने मदतीला हात पुढे केला. मी नको म्हटलं. एवढं आणलंय तर बोळात मीच नेतो, असं त्याला सांगितलं. तो काही न बोलता बाजूला उभा राहिला, आणि पाऊस भुरभुरायला लागला तेव्हा आपल्या दुकानातली ताडपत्री आणून कपाटावर टाकून गेला.

पावणेअकराला टेम्पो आला. चढवताना मात्र ड्रायव्हरने हात लावला, ते माझ्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

नवं घर तळमजल्यावरच घेतलंय, आईसाठी. कपाटाने तिच्या खोलीतली अर्धी खिडकी अडवली आहे, आणि तिला ते चालतं. वॉकर सोडून एका हाताने कपाट धरून ती आत वाकली. तिला वाचता येत नाही आता, दिसत नाही तेवढं. बोट फिरवून रेघ शोधली आणि म्हणाली, "पाणी आपल्याकडे छातीएवढं होतं. शेजारी माडीपर्यंत आलं होतं."

दारं काल सुताराने बसवून दिली. वरच्या आणि खालच्या फळ्या मी लावल्या. मधली तशीच भिंतीला टेकवून ठेवली आहे. ती आत बसायला एकाने खालून तोलून धरावी लागते आणि दुसऱ्याने वरून ठोकावी लागते. सुतार लावतो म्हणाला होता, मी राहू द्या म्हटलं. गणपतीला येणार आहेस ना? आईच्या साड्या तोवर खुर्चीवर आहेत.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझाच मित्र