तपास अंमलदार ताईंना, मनापासून

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव आणि ठाण्याचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. पोलीस ठाण्याची पायरी चढताना आमच्यासारख्यांच्या पोटात गोळा येतो, आणि आत तुमच्यासारखं माणूस बसलेलं असू शकतं हे लोकांना कळायला हवं.

पुणे–बंगळुरू महामार्गावर रात्री टेम्पोने दादाच्या गाडीला मागून ठोकरलं. १०८च्या गाडीने त्याला कराडला आणलं, मांडीचं हाड मोडलेलं. आम्ही आधी जिथे गेलो तिथे ‘अपघात आमच्या हद्दीत नाही’ एवढंच उत्तर मिळालं. खरं तर हद्द कुठलीही असो, खबर नोंदवून घेऊन पुढे पाठवता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. तुम्ही कायद्याचं नावही न घेता दवाखान्यात आलात, डॉक्टरांना विचारलंत की पेशंट बोलण्याच्या स्थितीत आहे का, आणि खाटेशेजारी स्टूल ओढून फिर्याद लिहून घेतलीत.

सही घेण्याआधी ती पूर्ण वाचून दाखवलीत. दादा वेदनेने डोळे मिटून पडला होता, तरी तुम्ही प्रत्येक वाक्यानंतर थांबत होतात. ‘सर्व्हिस रोडवरून’ की ‘सर्व्हिस रोडकडे’, एवढंसुद्धा त्याला विचारून दुरुस्त केलंत. एफआयआरची प्रत आईच्या हातात देताना म्हणालात, ‘आई, ही फुकट मिळते, कुणी पैसे मागितले तर देऊ नका.’ आईने ती प्रत अजून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशीचा घटनास्थळ पंचनामा मी जवळून पाहिला. दादाचा मित्र जागा दाखवायला आला होता, मी सोबत होते. दोन्ही पंचांना तुम्ही नुसतं सहीपुरतं बोलावलं नव्हतं, टेपचं एक टोक त्यांच्या हातात होतं. टेम्पोवाल्याचं म्हणणं होतं की दादाने अचानक ब्रेक मारला. तुम्ही डांबरावर वाकून टायरची खूण दाखवलीत. टेम्पोच्या ब्रेकची खूण सुरू होत होती ती काचांचा चुरा पडला होता त्याच्या जेमतेम अलीकडे. म्हणजे पुढची गाडी दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. दुभाजकापासूनचं अंतर, काचा कुठवर पसरल्या, दिव्याचा खांब कुठे, सगळं कच्च्या नकाशात आलं. आज आमच्या वकिलांचा सगळ्यात जास्त भर त्याच कागदावर आहे.

आणि तो नंबर! अंधारात मित्राने वाचला तसा टेम्पोचा नंबर फिर्यादीत आला होता, एक आकडा वेगळा. पंचनाम्यातला नंबर आणि एफआयआरमधला नंबर समोरासमोर ठेवून ते तुम्हीच पकडलंत. नोंदलेल्या एफआयआरमध्ये खाडाखोड करता येत नाही, म्हणून परत दवाखान्यात येऊन दादाचा पुरवणी जबाब घेतलात. नंबर चुकीचा राहिला असता तर विमा कंपनीने नेमकं त्याच्यावरच बोट ठेवलं असतं.

नुकसानभरपाईच्या दाव्याला कागद कुठले लागतील तेही तुम्हीच सांगितलंत: एफआयआर, पंचनामा, आरटीओचा वाहन तपासणी अहवाल, दवाखान्याचं जखमेचं प्रमाणपत्र आणि एए फॉर्म. त्या शेवटच्या फॉर्मचं नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं. समोरच्या गाडीचा मालक कोण, विमा कुठल्या कंपनीचा, पॉलिसी नंबर काय, हे सगळं त्यात एका ठिकाणी असतं, आणि जखमीच्या घरच्यांना ते दुसरीकडून मिळवणं महाकठीण. २०२२च्या नियमांप्रमाणे अपघाताची पहिली माहिती पोलिसांनी ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, हे मला नंतर वकिलांकडून कळलं. तुम्ही त्या मुदतींचं ओझं कधी आमच्यावर येऊ दिलं नाहीत. एकच तारीख मात्र आईला बजावून सांगितलीत: अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झालाच पाहिजे. पुष्कळ घरं ऑपरेशन, सुट्टी, उसनवारी यांत अडकतात आणि ही मुदत हातची जाते. मोटार वाहन कायद्यात ही अट १ एप्रिल २०२२ पासून आली आहे, तरी अजून कितीतरी जण ‘दावा काय, कधीही करता येतो’ असंच धरून चालतात. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं घडलं असेल तर आधी तारीख मोजा.

ताई, तुमच्या टेबलावर त्या वेळी किती फायली होत्या ते मी पाहिलं आहे. तरी आईला तुम्ही कधी ‘उद्या या’ म्हटलं नाहीत. कागद तयार नसेल तर फोन करून सांगत होतात, ‘आज येऊ नका, साहेबांची सही व्हायची आहे.’ तिचे गुडघे दुखतात हे तुमच्या लक्षात होतं. एवढी कदर आम्हाला त्या काळात फार थोड्या ठिकाणी मिळाली.

आमचा दावा मुदतीत दाखल झाला आहे. दादा काठी घेऊन चालतो, जिना मात्र अजून अवघड जातो. फौजदारी खटल्यात तुमची साक्ष असेलच, त्या दिवशी आईलाही कोर्टात यायचं आहे. तुम्हाला भेटायचं म्हणून.

आपली कृतज्ञ,
दादाची धाकटी बहीण