तीन पत्रं

प्रिय मनू,

काल फोन मीच ठेवला, तुझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत. चुकलंच माझं. आत्या समोर बसली होती आणि तिच्यादेखत मी तुला म्हणालो की एवढ्या नावाजलेल्या युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशन मिळतेय, ती सोडून असल्या छोट्या केमिस्ट्री डिपार्टमेंटला कोणी जातं का. त्यानंतर तू गप्प झालीस. तू गप्प झालीस की मला कळतं, आता हिने ठरवून टाकलंय. तुझ्या आईचंही तसंच होतं.

फोनवर माझा आवाज चढतो म्हणून लिहितोय.

मी नुसतं रँकिंग बघून बोललो, तू दोन्ही ठिकाणच्या लॅब बघून आलीस. तू सांगत होतीस की मोठ्या ठिकाणी एनएमआर, म्हणजे रेणूची रचना ओळखायचं ते मोठ्या मॅग्नेटचं यंत्र, काचेपलीकडून दाखवला, आपण सॅम्पल जमा करायचं, ऑपरेटर रन करतो आणि स्पेक्ट्रम मेलवर येतो. आणि दुसरीकडे फायनल इयरच्या मुलीने ती बारीक काचेची ट्यूब स्वतः पुसली, स्पिनर नावाच्या छोट्या होल्डरमध्ये बसवली, गेजला लावून उंची तपासली, वर हवेच्या झोतावर ठेवली आणि ती तरंगत तरंगत मॅग्नेटमध्ये खाली उतरली. इथेच मी तुला तोडलं. रात्री झोप नाही आली, तीच ट्यूब डोळ्यापुढे. २६ वर्षं क्यूसी, म्हणजे क्वालिटी कंट्रोलच्या, लॅबमध्ये काढलेल्या माणसाला हे तुझ्याआधी कळायला हवं होतं.

माझी काळजी वेगळीच आहे, काल ती रँकिंगच्या नावाखाली बाहेर पडली. मला पीएचडी करायची होती हे तुला माहितीये, का राहिली ते मी कधी नीट सांगितलं नाही. मार्क होते. फॉर्मबरोबर तीन शिफारसपत्रं लागायची, तुम्ही ज्याला एलओआर म्हणता. आमचा वर्ग दीडशेचा. ज्या सरांचं एकही लेक्चर मी बुडवलं नव्हतं त्यांच्याकडे गेलो तर त्यांनी मान वर करून रोल नंबर विचारला. माणूस वाईट नव्हता, पत्र लगेच दिलं, चार ओळींचं. विद्यार्थी नियमित व मेहनती आहे. बाकीची दोन पत्रंही जवळपास हीच. सगळीकडून नकार आला आणि पुढच्या वर्षी आजोबांचं ते सगळं झालं, मग राहूनच गेलं.

म्हणून मी विचारतोय की तिसऱ्या वर्षापर्यंत तुला नावानिशी ओळखणारी तीन माणसं तिथे असतील का? वर्गात बघितलेली नकोत, लॅबच्या बेंचवर बघितलेली हवीत. एखादी रिअ‍ॅक्शन सलग दोन महिने फसत होती तेव्हा ही मुलगी काय करत होती, वहीत काय लिहीत होती, चूक लपवली की आपणहून येऊन सांगितली, हे ज्यांना लिहिता येईल अशी. पीएचडीला घेणारे तेच तर शोधतात, की हिला रिसर्च म्हणजे काय ते माहितीये का आणि तरीही करायचाय का. पूर्वी निदान केमिस्ट्रीची जीआरई सब्जेक्ट टेस्ट होती, अमेरिकेत पुढच्या शिक्षणाला अ‍ॅडमिशन घेताना द्यायची, अनोळखी कॉलेजच्या मुलांना त्यात स्कोअर काढून स्वतःला दाखवता यायचं, ती २०२३ मध्ये बंद झाली. आता पत्रांचं आणि रिसर्चचं वजन अजूनच वाढलं असणार.

छोट्या कॉलेजमधून पुढे जाता येत नाही हे मी काल बोललो ते साफ खोटं आहे. जेनिफर डाउडना, २०२० चं केमिस्ट्रीचं नोबेल, पदवी पोमोना नावाच्या छोट्या कॉलेजची आणि पीएचडी हार्वर्डची. आणि चार्ल्स हॉल तर तुझा लाडका. ओबर्लिन कॉलेजातून पदवी घेतल्यावर वर्षभरात, १८८६ मध्ये, वितळलेल्या क्रायोलाइटमधून वीज सोडून त्याने अ‍ॅल्युमिनियम काढलं, वय २२. घरामागच्या शेडमध्ये, मदतीला बहीण ज्युलिया, तीही केमिस्ट्री शिकलेली. पण त्याच्या मागे त्याच कॉलेजचे केमिस्ट्रीचे जुएट सर होते ना, सल्ला द्यायला आणि सामान द्यायला. बघ, फिरून तिथेच आलो, तुला ओळखणारा मास्तर हवा.

हो म्हणायच्या आधी फक्त एवढं कर. माहितीपत्रकातले इलेक्टिव्ह सोड, गेल्या दोन-तीन वर्षांचं खरं टाइमटेबल माग, कारण छोट्या ठिकाणी अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स कागदावर असतात आणि शिकवायला माणूस नसतो. अ‍ॅनालिटिकल, बायो, इनऑरगॅनिक, ऑरगॅनिक, फिजिकल, पाचही नीट होतात का बघ, इनऑरगॅनिक बऱ्याचदा उरकून टाकतात. मॅथ्स सोडू नकोस, कितीही कंटाळा आला तरी, लिनिअर अल्जेब्राशिवाय क्वांटम केमिस्ट्रीला बसलीस तर नुसतं पाठांतर होईल. तुमचे विद्यार्थी पुढे कुठे गेले हे विचार, आणि सगळ्यात हुशार मुलाचं सांगू नका, मधल्या मुलांचं सांगा म्हणावं. एकच मोठा प्रोफेसर असेल तर तो सुट्टीवर गेला किंवा सोडून गेला तर तुझं काय, हेही विचार आणि

लेक्चर झालं. सॉरी. तू यातलं निम्मं आधीच विचारून आली असशील.

तुला आठवतं का माहीत नाही, तू नऊ वर्षांची असताना एका रविवारी परवानगी काढून तुला लॅबमध्ये नेलं होतं. माझा गॉगल तुझ्या नाकावरून सारखा घसरत होता, मागून रबरबँड लावला. ब्युरेटमध्ये, त्या खाली कॉक असलेल्या काचेच्या नळीत, कॉस्टिक सोडा, खाली फ्लास्कमध्ये अ‍ॅसिड आणि दोन थेंब फिनॉल्फथॅलीन, अ‍ॅसिड संपलं की गुलाबी होणारं. पहिल्यांदा कॉक पूर्ण उघडलास आणि फ्लास्क गडद गुलाबी. मला वाटलं रंग बघून खूश होशील. तू म्हणालीस, हे चुकलंय ना, परत करू. दुसऱ्यांदाही गडद. तिसऱ्यांदाही. चौथ्या वेळी शेवटी शेवटी एकेक थेंब सोडत होतीस, श्वास रोखून, आणि तो फिकट, आहे की नाही असा गुलाबी आला. तो टिकतोय का ते बघायला तू तोंडाने आकडे मोजत होतीस. जरा वेळाने रंग उडायला लागला तर रडवेली झालीस, मग मी सांगितलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड आत जातो, तुझं चुकलं नाहीये. आमच्याकडे डिग्री घेऊन आलेली मुलं तिसऱ्या वेळी वैतागायची गं.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ते तीन मास्तरांनी लिहावं एवढंच मला हवंय.

आणि अजून एक आहे, ते लिहू की नको असं झालंय. ही चार वर्षं, मग पीएचडीची पाच-सहा, मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा रिसर्च. बऱ्याच ठिकाणी स्टायपेंड मिळतो, पैशाची चिंता नाही. पण दादा गेल्यापासून घर कसं झालंय तू बघतेस. काल आवाज चढला त्यात हेही होतं, फक्त रँकिंग नव्हतं. याचा विचार तू करायचा नाहीस, आम्ही आमचं बघू.

काल रात्री त्या छोट्या डिपार्टमेंटचे पेपर शोधून वाचत बसलो. प्रत्येकात नाही, पण बऱ्याच पेपरांत लेखकांच्या नावात एखाद्या नावापुढे बारीक खूण आहे आणि खाली लिहिलंय, पदवीचा विद्यार्थी. एकात तर असं नाव सगळ्यात पहिलं आहे. त्या मुलीला मेल कर, आता कुठे आहे विचार, आणि तिला पत्रं कोणी दिली तेही विचार.

फॉर्मवर माझी सही लागेल ना, पाठव. कुठलाही असला तरी करतो. गॉगल कपाटात दुसऱ्या खणात आहे पण त्याची काच ओरखडलीये, तू नवीन घे.

बाबा