अखंड सूर मिळाला म्हणजे वाट सापडली असे नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१९३०च्या दशकात अमेरिकेतले वैमानिक 'रेडिओचा सूर पकडून' ढगांतून सरळ विमानतळ गाठत, असे अनेकदा छापून येते. सूर पकडण्याआधीचे खरे कसब त्यात वगळले जाते, म्हणून हे पत्र.

'रेडिओ रेंज' ही जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांनी वाट दाखवण्याची तेव्हाची व्यवस्था. तिच्या प्रत्येक केंद्रातून चार दिशांना वाटेचे चार पट्टे निघत. त्यांमधल्या चार चरणांपैकी, म्हणजे पट्ट्यांनी पाडलेल्या चार भागांपैकी, समोरासमोरच्या दोहोंत मोर्सचा 'ए', म्हणजे टिंब-रेघ, ऐकू येई. उरलेल्या दोहोंत 'एन', म्हणजे रेघ-टिंब. पट्ट्यावर दोन्ही संकेत एकमेकांच्या फटीत चपखल बसत आणि १०२० हर्ट्झचा अखंड सूर उरे. पट्टा जेमतेम ३ अंशांचा.

आता 'ए' ऐकू आला, तर विमान पूर्वेच्या चरणात की पश्चिमेच्या? संकेत ते सांगत नसे. ते आवाजाच्या बटणावरून काढावे लागे. दोन्ही चरणांच्या मधोमध जाणारी दिशा, समजा पूर्व, धरायची, आवाज अगदी बारीक करायचा आणि काही मिनिटे ऐकत राहायचे. आवाज वाढला तर केंद्र पुढे आहे, विमान पश्चिमेच्या चरणात. विरत गेला तर केंद्र मागे पडते आहे, उलट फिरायचे. यासाठी रिसीव्हरचे स्वयंचलित आवाज-नियंत्रण बंदच ठेवावे लागे. ते चालू राहिले की चढउतार सपाट होत आणि वैमानिक निर्धास्तपणे केंद्रापासून दूर जात राही. ही चूक फार महागात पडणारी.

पट्ट्यावरही अगदी मधोमध उडत नसत. समोरून येणाऱ्या विमानाशी टक्कर टळावी म्हणून उजवी कड धरायची. तिथे सुरामागे पुसटसा 'ए' किंवा 'एन' जाणवे.

केंद्राच्या माथ्यावर आवाज झपाट्याने चढे, एकदम गप्प होई आणि पुन्हा उसळे. आधी चढ नसेल तर त्या शांततेवर विश्वास ठेवायचा नाही, ती माथ्याची नसूही शके. पुढे माथ्याची खूण पटवायला ७५ मेगाहर्ट्झचे मार्कर बसवले, ते याच घोटाळ्यामुळे.

केंद्रांवरच्या सुरुवातीच्या लूप, म्हणजे वेटोळ्याच्या, अँटेनांचे पट्टे रात्री आकाशातून परतणाऱ्या लहरींमुळे हलत. अ‍ॅडकॉक पद्धतीच्या उभ्या मनोऱ्यांनी तो दोष बराच आटोक्यात आला. डोंगराळ भागात मात्र पट्टे वाकत, फुटत. आणि वादळात, म्हणजे नेमकी गरज असताना, रेडिओच्या खरखरीमध्ये संकेत बुडून जात.

आपला,
एक वाचक