पाण्यात श्वास सोडता येऊ लागला

कोल्हापूर,
मे अखेर

प्रिय शुभा,

"या वयात पवायला शिकायचं डोक्यात कुठून आलं तुझ्या?" असं तू फोनवर विचारलंस. पाच मिनिटांत सांगून होण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे.

आधी मुख्य बातमी. मला पोहता येतं. पाय टेकत नाहीत तिथंही येतं. टँकच्या खोल बाजूला मी उताणी पडून राहते, दमले तर दम खाते आणि पुन्हा निघते.

आपल्या लहानपणी पेठेतली पोरं पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून पाण्यात उतरायची, आठवतं? घाटावरून सूर मारायची, मुटके मारायची. आपण तिथंच असायचो, पण धुण्याच्या पिळ्यांपाशी. मुलींनी पाण्यात उतरू नये असं आपल्याला कुणी बजावलं नव्हतं. तो प्रश्नच कुणाच्या मनात आला नव्हता, आपल्याही नाही. आपलं सगळं आयुष्य पंचगंगेच्या काठानं गेलं आणि पाण्याशी ओळख मात्र घोट्यापर्यंतच राहिली.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. महामार्ग बंद, चिखली-आंबेवाडी या नदीकाठच्या गावांतली माणसं बोटीतून बाहेर काढलेली. आमच्या गल्लीतही बोट आली. आईला हाताला धरून बसवलं आणि बोट जरा कलली, तेव्हा माझं सगळं अंग आखडून गेलं. शेजारचा शाळकरी मुलगा शांत बसला होता, कारण त्याला पोहता येत होतं. पोहता येणारा माणूस पुराच्या पाण्यात वाचतोच असं नाही, हे मला आता पक्कं ठाऊक आहे. पण त्याच्या चेहऱ्यावरचं ते निश्चिंतपण मला हवं होतं. २०२१ ला पुन्हा पूर आला आणि मग मी लेडीज बॅचला नाव घातलं.

मला वाटलं होतं, हात कसे मारायचे, पाय कसे मारायचे, हे पहिल्या दिवशी शिकवतील. मॅडमनी तसलं काहीच केलं नाही. उथळ बाजूला उभं करून म्हणाल्या, "तोंडानं श्वास घ्या, चेहरा पाण्यात घाला आणि नाकातोंडानं सावकाश सोडा. बुडबुडे दिसले पाहिजेत." बरेच दिवस आमचं तेवढंच चाललं होतं. बॅचमधल्या एक मावशी तर वैतागून म्हणाल्या, "मी पवायला आलोय की बुडबुडे काढायला?"

पण शुभा, पोहण्याचं सगळं मर्म तिथंच आहे. घाबरलेला माणूस पाण्यात श्वास कोंडून धरतो. आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि जीव गुदमरायला लागतो, तो मुख्यतः त्यामुळे. मग तोंड वर काढल्यावर आधी जुना श्वास सोडायचा की नवा घ्यायचा, याचा गोंधळ होतो आणि नाकातोंडात पाणी जातं. पाण्याखाली श्वास सोडून झाला असेल, तर वर आल्यावर फक्त घ्यायचाच उरतो, आणि त्याला क्षणभर पुरतो.

त्यानंतर तरंगणं. छाती श्वासानं भरलेली असली की बहुतेकांचं शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं, पाणी आपल्याला धरतं. ते धरत नाही असं वाटतं, कारण आपण डोकं वर काढायला धडपडतो. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात. कान पाण्यात बुडू दिले, नजर छताकडे लावली, पोट वर आणलं, की झालं. ज्या दिवशी मॅडमनी मानेखालचा हात काढून घेतला आणि मी तशीच वर राहिले, त्या दिवशी मला पाण्यातच रडू आलं.

फ्रीस्टाइलनं, म्हणजे पालथं राहून आळीपाळीनं हात मारत जाण्यानं, माझा सगळ्यात जास्त वेळ घेतला. पाय मांडीपासून हलवायचे, गुडघ्यातून सायकल मारायची नाही, घोटे सैल ठेवायचे, हे किकबोर्ड, म्हणजे तरंगणारी फळी, धरून जमलं. अडायचं ते श्वासावर. मान वर उचलून श्वास घेतला की पाय बुडालेच. मॅडमनी दाखवलं की मान उचलायचीच नसते. हात पुढे जाताना सगळं अंगच एका कुशीवर वळतं, त्याच्याबरोबर तोंड वळवायचं आणि गॉगलची एक काच पाण्यातच ठेवायची. डोकं पुढे सरकताना पाणी दुभंगतं आणि तोंडापाशी पाण्याची पातळी जराशी खाली जाते. श्वास त्या खळग्यातून घ्यायचा. सुरुवातीला मला हे पटत नव्हतं. आता रोज तिथं हवा मिळते, आणि दर वेळी मला तेवढाच आनंद होतो.

बॅकस्ट्रोकमध्ये चेहरा वरच असतो, श्वासाची चिंता नाही. हात पाण्यात जाताना करंगळी आधी. भिंत दिसत नाही म्हणून तिच्याआधी पाच मीटरवर वर पताका बांधलेल्या असतात. तिथून भिंतीपर्यंत किती हात मारायचे ते मोजायचं.

ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे आपल्या पोरांचं बेडकासारखं पोहणं, मला सगळ्यात आवडतो. टाचा मागे ओढायच्या, पावलं बाहेर वळवायची, पाणी मागे रेटून पाय जुळवायचे आणि मग काही न करता लांब होऊन सरकू द्यायचं. नवशिक्यांना त्या सरकण्यात दम धरवत नाही, लगेच पुढचा हात मारतात आणि दमतात. गंमत अशी की या प्रकारात विश्रांती हा त्या स्ट्रोकचाच भाग आहे. बटरफ्लाय मी फक्त बघते. हातांच्या एका फेऱ्याला पायांचे दोन फटके, आणि खांद्यांत ताकद लागते. आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्येच ब्राँझ मिळवलं होतं. त्याआधी २००८ ला तो बीजिंग ऑलिंपिकलाही पोहून आला होता. आमच्या टँकवरची लहान पोरं त्याचं नाव घेऊन उड्या मारतात.

एवढे प्रकार शिकून मला एकच गोष्ट कळली. प्रत्येक स्ट्रोक ही श्वास घेण्याची एक वेगळी व्यवस्था आहे. ताकद नंतर येते. आत्मविश्वास म्हणतात तोही जोरात हात मारल्यानं आला नाही. पाण्याच्या मधोमध थांबता येतं, हे कळल्यावर आला.

मॅडम एका बाबतीत फार कडक आहेत आणि मला ते पटतं. टँकमध्ये लांबी मारता येते म्हणून नदीत उतरायचं नाही. टँकचं पाणी एका जागी असतं, तळ दिसतो, भिंत जवळ असते. नदीला ओढ असते, बंधाऱ्याखाली भोवरे असतात, गाळ आणि वेली पायात येतात. आणखी एक, हे तुझ्या मुलांनाही सांग. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर टिकवण्यातच त्याचा सगळा श्वास संपतो, हाक मारायला उरत नाही. आणि त्याला वाचवायला शिकल्याशिवाय उडी मारायची नाही. दोर, ओढणी, रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते फेकायचं. बुडणारा मिठी मारतो आणि दोघंही जातात.

आल्फ्रेड हायोश नावाचा एक हंगेरियन पोहणारा होता. तो तेरा वर्षांचा असताना त्याचे वडील डॅन्यूब नदीत बुडाले. त्यानं पोहणं मनावर घेतलं आणि १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये थंड, खवळलेल्या समुद्रात दोन शर्यती जिंकल्या. हे कळल्यापासून मला तो जवळचा वाटतो. भीती मोठी होती म्हणूनच त्याला पाणी नीट शिकावंसं वाटलं असेल.

आता तुझ्याबद्दल. गुडघे दुखतात म्हणून चालणं सोडलंस म्हणालीस. पाण्यात गुडघ्यांवर वजन येत नाही. डॉक्टरांना एकदा विचार, विशेषतः ब्रेस्टस्ट्रोकबद्दल, कारण त्यात गुडघा वळतो. तुला बॅकस्ट्रोक आणि फ्रीस्टाइल बरे पडतील. कॉश्च्युमची लाज वाटते तर पूर्ण बाह्यांचे, गुडघ्याखाली येणारेही मिळतात, आमच्याकडे निम्म्याजणी तेच घालतात. गॉगल मात्र घट्ट बसणारा घे. तुमच्याकडे लेडीज बॅच कुठे आहे ते बघ आणि नाव घालण्याआधी शिकवणाऱ्या बाईंना विचार, पहिला आठवडा काय शिकवता म्हणून. श्वास आणि तरंगणं म्हणाल्या तर डोळे मिटून पैसे भर.

दिवाळीत येशील तेव्हा चार दिवस जास्त काढून ये. सकाळच्या बॅचला तुला घेऊन जाते. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्राचं उत्तर पत्रानंच दे.

तुझीच,
वैशाली