‘टर्न इनटू’ला एकच अर्थ पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी शिकवणाऱ्या सदरांत आणि गाइडांत ‘टर्न इनटू’समोर ‘रूपांतर होणे’ एवढाच अर्थ छापलेला असतो. पाठ करायला तो सोपा. पण वाक्य लिहायची वेळ आली की मुले अडतात, आणि चुकतात ती ठरावीक जागी.

‘सुरवंटाचे फुलपाखरात रूपांतर होते’ यातला ‘त’ डोक्यात असल्याने ‘टर्न्स इन बटरफ्लाय’ असे लिहिले जाते. तिथे ‘इनटू’च हवे, आणि फुलपाखरू मोजता येते म्हणून ‘अ’ही हवा: ‘द कॅटरपिलर टर्न्स इनटू अ बटरफ्लाय’. पाण्याचा बर्फ होतो तेव्हा मात्र नुसते ‘टर्न्स इनटू आइस’.

सगळ्यात मोठा घोळ होणे आणि करणे यांचा. मराठीत दुधाचे दही होते किंवा आपण ते करतो, क्रियापदच बदलते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘टर्न’. करणारा कुणी असेल, तर मूळ वस्तू मध्ये बसते: ‘दे टर्न्ड द मिल इनटू अ मॉल’. गिरणीसाठी सर्वनाम वापरले तरी जागा तीच, ‘टर्न्ड इट इनटू अ मॉल’. ‘द मिल वॉज टर्न्ड इनटू अ मॉल’ हेही बरोबर, कारण ते कुणीतरी केले. सुरवंटाला मात्र ‘इज टर्न्ड’ लावले, की कुणी मंत्र मारून त्याचे फुलपाखरू केले असे वाटते. उत्तरपत्रिकांत ही चूक हमखास सापडते.

‘इनटू’नंतर नाम येते. पाने पिवळी पडली, दूध नासले, ती तीस वर्षांची झाली, इथे ‘टर्न्ड यलो’, ‘टर्न्ड सावर’, ‘टर्न्ड थर्टी’, ‘इनटू’ नको. मुलगा शिकून डॉक्टर झाला तर ‘बिकेम अ डॉक्टर’. बुजरा मुलगा बघता बघता धीट वक्ता झाला, तर ‘टर्न्ड इनटू अ कॉन्फिडंट स्पीकर’ छान बसते, कारण तिथे माणूसच पालटला.

शिवाय ‘द बस टर्न्ड इनटू द लेन’ म्हणजे बस गल्लीत वळली. रूपांतराचा इथे काही संबंध नाही. उताऱ्यावरच्या प्रश्नांत मुले नेमकी इथे फसतात.

आपल्या सदरात अर्थाशेजारी निदान तीन वाक्ये छापावीत, ही विनंती: एक आपोआप होण्याचे, एक कुणी घडवून आणण्याचे आणि एक वळण्याचे.

आपला,
एक इंग्रजी शिक्षक, सातारा